१,४३६ रुपये कुठे गेले ते आधी शोध

या वेळचं पत्र भांडुपहून आलंय. थोडं कमी करून देतेय.

"ताई, मी २३ वर्षांची आहे, टेंभीपाड्याला राहते, बीकॉम झालंय. आठ महिने झाले एका मोठ्या रिटेल चेनच्या दुकानात बिलिंगला आहे, एलबीएस रोडवरच्या मॉलमधे. एजन्सीकडून लागलेय, हातात चौदा-साडेचौदा येतात. गणपतीच्या आदल्या रविवारी माझ्या काउंटरला १,४३६ रुपये शॉर्ट आले. त्याआधी दहा-वीसच्या वर कधी आले नव्हते. सुपरवायझरने रात्रीच 'माझ्या चुकीमुळे कमी आले, पगारातून कापून घ्यावेत' असं लिहून सही घेतली आणि पुढच्या पगारात कापले पण. घरी सांगितलं नाही, मैत्रिणीला उसने दिले म्हटलं. तेव्हापासून रात्री निघताना बॅग चेक होते ना, तेव्हा वाटतं सगळे माझ्याकडेच बघतायत. पाय इतके सुजतात की टेकडी चढताना मधे दोनदा बसते. आई म्हणते सोड ती दुकानातली नोकरी, एवढं शिकलीस कशाला मग. मॅनेजर म्हणतात वर्षभर टिक, सीनियर करतो. काय करू? – काउंटर नंबर ७"

अगं काउंटर नंबर ७, तू विचारलंयस नोकरी सोडू का, पण मी सुरुवात त्या आकड्यापासून करणार, कारण बाकी सगळं तिथेच येऊन अडकलंय असं मला दिसतंय. मी अकरा वर्षं रिटेलमधे काढली, पहिली तीन कॅशवर, मग इनवर्डला (दुकानात येणारा माल उतरवून घेतात तिथे), मग डिपार्टमेंट सांभाळलं, आणि रोज रात्री कॅशिअर लोकांच्या शॉर्ट-एक्सेसच्या, म्हणजे कुणाचे किती कमी-जास्त आले त्याच्या, शीट बघायचं काम माझ्याकडे होतं. ती नजर अजून गेलेली नाही. १,४३६ वाचलं आणि पहिलं मनात आलं की हा सुट्ट्या पैशांच्या चुकीचा आकडा वाटत नाही.

बघ ना, पैसे परत देताना चुकतं तेव्हा काय होतं, शंभरच्या जागी दोनशेची नोट जाते, पाचशेच्या दोन चिकटून जातात, दहा-वीस इकडेतिकडे होतात. मग शॉर्ट येतं ते १०० येतं, ५०० येतं, नाहीतर तीस-चाळीसचा किरकोळ फरक. १,४३६ यायला एका दिवसात पाच-सहा वेगवेगळ्या चुका व्हायला पाहिजेत, त्याही सगळ्या गिऱ्हाइकाच्या फायद्याच्या. गर्दीत होऊ शकतं, नाही असं नाही. पण आठ महिने जिची कॅश जुळत आली तिच्याकडून एका दिवशी एवढं सगळं? मला तो एका अख्ख्या बिलाचा आकडा वाटतोय. गणपतीच्या आदल्या रविवारचं कुणाच्यातरी घरचं बिल, तांदळाची पिठी, गूळ, तूप, नारळ, कापूर-अगरबत्ती, वर एक लायटिंगची माळ, की झाले चौदाशे छत्तीस.

आता डोळे मिटून तो रविवार आठव. ट्रॉल्यांची लाइन मागे बिस्किटांच्या रॅकपर्यंत गेलेली, समोरच्या बाईंनी क्यूआर स्कॅन केला, फोन दाखवला, आणि तू हाताच्या सवयीने यूपीआयच्या जागी कॅशचं बटण दाबलंस. बिल निघालं, बाई गेल्या. पैसे कंपनीच्या खात्यात पोचले, पण सिस्टिमच्या हिशेबात ते तुझ्या ड्रॉवरमधे असायला हवेत. रात्री मोजलं की ड्रॉवर बरोब्बर तेवढ्याने कमी आणि यूपीआय बरोब्बर तेवढ्याने जास्त. म्हणजे कंपनीचा एक रुपयाही गेला नाही आणि तुझे चौदाशे गेले. हे माझ्यासमोर इतक्या वेळा झालंय की आमच्याकडे शॉर्ट आलं की पहिलं यूपीआय आणि कार्डचं एक्सेस बघायचा नियमच मी लावला होता.

अजून दोन शक्यता आहेत. एखाद्याचं बिल कॅशमधे क्लोज झालं, मग त्याच्याकडे पैसेच कमी निघाले, तो सामान टाकून गेला आणि सुपरवायझरने ते बिल व्हॉइड, म्हणजे रद्द, करायचं राहून गेलं, कारण व्हॉइडची चावी त्याच्याकडे आणि तो तेव्हा तीन नंबरच्या भांडणात उभा. दुसरं म्हणजे तू बाथरूमला किंवा चहाला गेलीस तेव्हा तुझ्या लॉगिनवर दुसरं कुणी बसलं होतं का? सणाच्या गर्दीत असं करायला लावतात, "दोन मिनिटं बस गं हिच्या जागी, लॉगआउट करत बसू नका". त्या दोन मिनिटांचा हिशेबही तुझ्याच नावावर लागतो. यापुढे ड्रॉवर लॉक करून लॉगआउट केल्याशिवाय खुर्ची, म्हणजे खुर्ची तर देत नाहीत, जागा सोडायची नाही. लाइनमधले ओरडतील, ओरडू देत. मधे सुपरवायझर कॅश उचलायला येतो तेव्हाही रक्कम लिहून दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे हातात द्यायचे नाहीत, तो कितीही घाईत असला तरी.

तर उद्या कामावर जाशील तेव्हा भांडायचं नाही, रडायचं नाही, एक मेसेज टाकायचा. व्हॉट्सअॅपवर चालेल, ईमेल असेल तर उत्तम, सुपरवायझरला आणि सोबत मॅनेजरला. "सर, अमुक तारखेला माझ्या काउंटरला १,४३६ रुपये शॉर्ट दाखवले होते आणि ते माझ्या पगारातून कापले गेले. त्या दिवसाचा माझ्या लॉगिनचा टेंडरवाइज रिपोर्ट आणि यूपीआय-कार्डचं सेटलमेंट मला बघायचं आहे. त्यात १,४३६ चं बिल आहे का ते तपासायचं आहे." एवढंच. (टेंडरवाइज म्हणजे कॅश किती, यूपीआय किती, कार्ड किती असा वेगवेगळा हिशेब, आणि सेटलमेंट म्हणजे खात्यात खरंच किती जमा झाले ते.) आरोप नाही, माफी नाही. कॅश ऑफिसमधे बसणाऱ्याला हे काढायला दहा मिनिटं लागतात. सीसीटीव्हीचं फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं पण बिलांचा डेटा राहतो, त्यामुळे उशीर झालाय असं समजू नकोस.

माझं सांगते. २००७ साल, नोकरीचा तिसरा महिना, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका मॉलमधलं दुकान. २,१५० शॉर्ट. कॅश रूम म्हणजे जिन्याखालची खोली, एक ट्यूबलाइट, नोटा मोजायचं मशीन फर्रर करून थांबायचं आणि लाल आकडा दाखवायचा. चार वेळा मोजलं. माझ्या बोटांना नोटांचा तो आंबट वास लागलेला, रबरबँड मनगटाला, आणि सुपरवायझर घड्याळाकडे बघतोय कारण त्याला शेवटची कर्जत पकडायची. त्याने कागद पुढे केला आणि मी लिहिलं, तू लिहिलंस तेच, जवळजवळ शब्दाला शब्द. पंधरा दिवसांनी अकाउंट्समधल्या एका मुलाला बिलापोटी घेतलेल्या मील कुपनांचा एक गठ्ठा दुसऱ्याच काउंटरच्या पाकिटात सापडला, माझा. पुढच्या स्लिपला "इतर" म्हणून २,१५० जमा झाले. कुणी काही बोललं नाही, सॉरी नाही, काही नाही. त्या पंधरा दिवसांत मी नीट जेवले नव्हते गं. म्हणून तू ते बॅग चेकिंगचं लिहिलंस ना, ते मला कळलं, लगेच कळलं.

आणि समज बिल नाहीच सापडलं, तरी कापायची पण रीत असते. नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराला आपलं म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त कापता येत नाही, आणि ते नुकसान तिच्याच हलगर्जीमुळे झालं हे दिसायला लागतं. १९३६ च्या वेतन कायद्यापासून हे आहे आणि नव्या वेतन संहितेतही तसंच ठेवलंय. रात्री दुकान बंद करताना पुढे सरकवलेल्या कागदावरची सही म्हणजे म्हणणं ऐकून घेणं नव्हे. पुन्हा कधी असा कागद आला तर "माझ्या चुकीमुळे" हे दोन शब्द लिहायचे नाहीत. "आज मोजल्यावर इतके कमी आले, कारण तपासायचं आहे" असं लिहायचं, खाली वेळ टाकायची आणि मोबाइलने फोटो काढायचा. मोबाइल लॉकरला असेल तर आणून काढायचा, कागद कुठे पळून जात नाही.

बॅग चेकिंग सगळ्यांचंच होतं, ते लॉस प्रिव्हेन्शनचं, म्हणजे चोरी-नुकसान रोखणाऱ्यांचं, काम आहे, त्यात तुझ्यावर संशय नाही. फक्त बाईचं चेकिंग बाई गार्डनेच करायचं, त्यात तडजोड नको. ती सुट्टीवर असली तर थांबायचं आणि मॅनेजरला बोलवायचं.

आता एजन्सी. तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस, पण माझ्या मते तुझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. टी-शर्टवर नाव चेनचं, बॅजवर नाव चेनचं, गिऱ्हाईक शिव्या देतं ती चेनला, आणि पगाराच्या स्लिपवर नाव भलत्याच कुणाचंतरी. फ्लोअरवर शेजारी उभ्या असलेल्या दोघी एकच काम करतात, एक ऑन-रोल, म्हणजे चेनच्याच पगारावर, आणि एक ऑफ-रोल, म्हणजे एजन्सीच्या, तिसरी तर प्रमोटर, जिचा पगार शॅम्पूची कंपनी देते. माझे वडील गिरणीत होते, सुरुवातीची काही वर्षं बदली कामगार म्हणून. सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी कायमवाला गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. १९८२ च्या संपानंतर तेही गेलं. मी कामाला लागले तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं, "कायम की बदली?" मला तेव्हा राग आला होता, एवढं एसी दुकान, युनिफॉर्म, आणि हे काय विचारतायत. आज मी तुला तेच विचारतेय.

स्लिप काढ आणि बघ. पीएफ कापतात ना, मग तुझा यूएएन नंबर, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, असणार, तो घेऊन पासबुकमधे पैसे खरंच जमा होतायत का ते बघ, तुझे १२ टक्के आणि मालकाचे. ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, तोही बघ. महिन्याचा पगार २१,००० च्या आत असेल आणि दुकान एवढं मोठं, तर तू ईएसआयमधे असायला हवीस, तुझ्याकडून ०.७५ टक्के जातात आणि मालकाने ३.२५ भरायचे असतात. कापाकापीआधीचा पगार सोळा हजार धरला तर तुझे १२० रुपये. ते १२० रुपये जात असतील तर तुझा विमा क्रमांक असलाच पाहिजे, ई-पहचान कार्ड मागून घे आणि घरच्यांची नावं त्यात घालून घे. आठ-आठ महिने पैसे भरून कार्डच न काढलेल्या कितीतरी मुली मी बघितल्यात. तुझ्यासाठी तर मुलुंडचं ईएसआय हॉस्पिटल जवळ आहे, आईला दाखवायचं झालं, ती तुझ्यावर अवलंबून असेल तर, तिथे तिलाही नेता येतं. आणि आजारी पडून घरी बसायची वेळ आली तर पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ईएसआय देतं, त्याच्या अटी असतात, पण मिळते. हे एजन्सीवाले आपणहून सांगत नाहीत. एजन्सीने पगारच थकवला तर तो द्यायची जबाबदारी शेवटी ज्याच्या दुकानात तू काम करतेस त्याच्यावर येते, हेही लक्षात ठेव, "आमचा काही संबंध नाही, एजन्सीला विचार" हे वाक्य तुला कधी ना कधी ऐकायला मिळेल.

पायांचं. आईगं, ते टेकडीचं वाचून मला माझे ते दिवस आठवले. काउंटरच्या खाली कार्टनचा जाड पुठ्ठा दोन-तीन पदरी करून टाक, नुसत्या टाइलवर उभं राहण्यात आणि त्यात खूप फरक पडतो. बूट संध्याकाळी जाऊन घे, पाय सुजलेले असताना, सकाळी घेतलेला बूट रात्री चावतो. घरी गेल्यावर पंधरा मिनिटं भिंतीला पाय लावून पडायचं, जेवायच्या आधी. आणि पाणी पी. हे मी मुद्दाम लिहितेय कारण कॅशवरच्या मुली पाणी पीत नाहीत, बाथरूमला जायला लागेल, बाथरूम दुसऱ्या मजल्यावर स्टाफच्या जिन्याने, जाऊन यायला दहा मिनिटं, सुपरवायझरचं तोंड वाकडं. मग लघवीला जळजळ सुरू होते आणि ती पण कुणाला सांगायची लाज. माझ्या टीममधल्या दोघींना त्यापायी ताप येऊन अॅडमिट व्हावं लागलं होतं. दर अडीच-तीन तासांनी जायचंच, विचारायचं नाही, सांगून जायचं.

बसायला स्टूल मागा, सगळ्या मिळून मागा, एकटीने नको. केरळात कापड दुकानांतल्या बायकांनी बसायच्या हक्कासाठी आंदोलन केलं आणि २०१८ मधे तिथल्या सरकारला दुकानांच्या कायद्यात बसायची सोय घालायला लागली, तमिळनाडूने २०२१ मधे केलं. म्हणजे ही काही नखऱ्याची मागणी नाही. बिल करायला उभंच राहावं लागतं असं कोण म्हणतं, तिकीट खिडकीवरचा माणूस बसूनच तिकीट देतो ना. तरीही सूज रात्री झोपून सकाळी उतरत नसेल, एकाच पायाला जास्त असेल किंवा दुखत असेल, तर डॉक्टरला दाखव, पुठ्ठ्यावर भागवू नकोस.

तू वेळेबद्दल काही लिहिलं नाहीस पण मला माहितीय, क्लोजिंगला असलीस की शटर साडेदहाला पडत असेल आणि कॅश टॅली करून बाहेर पडेपर्यंत अकरा. महाराष्ट्राच्या दुकाने आणि आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात आठवड्याला ४८ तास धरलेत, त्यावर ओव्हरटाइम, आणि ओव्हरटाइम दुप्पट दराने. आठवड्यातून एक सलग २४ तासांची सुट्टी. आणि बाईला रात्री साडेनऊनंतर थांबवायचं तर तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडायची सोय मालकाने करायची असते. दारापर्यंत, स्टेशनपर्यंत नाही. संमतीचा कागद तुझ्याकडून जॉइनिंगच्या गठ्ठ्यात सही करून घेतला असेल, तो एकदा बघ. संमती घेतली असेल तर मग गाडी पण मागायची. मी ज्या दुकानात डिपार्टमेंट सांभाळायचे तिथे आम्ही सहा जणींनी एकत्र पत्र दिलं होतं तेव्हा टेम्पो ट्रॅव्हलर लागली, दोन वर्षं नुसतं तोंडी सांगत होतो तोपर्यंत काही झालं नव्हतं. रोज किती वाजता आलीस आणि किती वाजता निघालीस हे एका छोट्या वहीत लिहून ठेवत जा, पंचिंग मशीन त्यांच्याकडे असतं, वही तुझ्याकडे. अगदीच कुणी ऐकत नसेल तर पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमधे दुकाने व आस्थापना खातं असतं, दुकान ज्या वॉर्डात त्या वॉर्डाचं, आणि बीकेसीला कामगार भवन आहे. पण आधी मेसेज, मग पत्र, मग तिकडे, या क्रमाने जा.

आता आई. "दुकानातली नोकरी" हे तिने ज्या सुरात म्हटलं असेल तो सूर मला कळतो, आमच्याकडेही तोच होता. तिच्या डोळ्यासमोर वाण्याच्या दुकानातला पोरगा आहे. तिला अपना बाजार आठवत असेल तर विचार, १९४८ मधे नायगावात गिरणी कामगारांनीच उभा केला होता तो, आणि तिथे काउंटरला असलेल्या बायकांना वस्तीत केवढा मान असायचा. काम कमी दर्जाचं नाहीच आहे गं. तू एका दिवसात दोनशेच्या वर लोकांशी बोलत असशील, मराठी, हिंदी, थोडी गुजराती, थोडं इंग्लिश. एक तारखेपासून सात-आठ तारखेपर्यंत तेल-डाळ-तांदूळ जातं आणि महिनाअखेरीला छोटे पाउच जातात हे तुला न शिकवता कळलंय. श्रावणात साबुदाणा कधी संपणार, दिवाळीला भाजणी आणि मैदा कोणत्या आठवड्यात उचलला जातो, २६ जानेवारीच्या सेलला कोणत्या लाइनला किती ट्रॉल्या येतात. याला डोकं लागतं. एखादी बाई तुझ्याकडे न बघता, कानाला फोन लावून, कॅरीबॅगच्या पैशांवरून तुला चोर म्हणते तेव्हा आवाज न चढवता तिचं बिल पूर्ण करायला जे लागतं ते सगळ्यांकडे नसतं. (हे वाचणाऱ्या बाकीच्यांना पण सांगते, बिल होईपर्यंत फोन ठेवा. फ्रीझरमधला वाटाणा नको झाला तर साबणाच्या रॅकवर ठेवून जाऊ नका, ते पाकीट फेकून द्यायला लागतं आणि त्याचा जाब त्या सेक्शनच्या मुलीला विचारतात. आणि दुकान बंद व्हायला दहा मिनिटं असताना महिन्याचं सामान भरायला येऊ नका, तिची ट्रेन असते.)

पण आईचं एक बरोबर आहे, आणि ते मी तिच्या बाजूने सांगणार. नुसत्या कॅशवर पाच-सहा वर्षं राहिलीस तर हातात काही उरत नाही. बिलिंग शिकायला आठ महिने पुरतात, ते तुझे झाले. आता लोक स्वतःच स्कॅन करून पैसे भरतात अशी मशीनं येतायत, अर्धं सामान घरबसल्या मागवतात. त्यामुळे मॅनेजर म्हणतात "सीनियर करतो", तेव्हा विचार, सीनियर कॅशिअर की फ्लोअरला सीनियर? आणि ऑन-रोल की एजन्सीतच? सीनियर कॅशिअर म्हणजे हजार-दीड हजार जास्त आणि चार जणींच्या शॉर्टचा जाब तुला. ते घेऊ नकोस. इनवर्डला टाका म्हण. तिथे माल उतरवून घेणं, मालाबरोबरचं चलान आणि बिल ताडून बघणं, एक्स्पायरी, डॅमेज, परत पाठवायचा माल, स्टॉक-टेक (मालाची मोजदाद), श्रिंकेज (मालात येणारी तूट) कुठून येतंय ते शोधणं, हे सगळं हाताखालून जातं, आणि बीकॉमवालीला त्यातलं गणित पटकन जमतं. मी जे काही झाले ते इनवर्डच्या दीड वर्षामुळे झाले, तिथे थंडी-उन्हाळा कळत नाही, धूळ असते, क्रेट लागून नडग्या काळ्यानिळ्या होतात, पण दुकान आतून कसं चालतं ते तिथेच दिसतं. ते शिकलेली मुलगी वेअरहाउसला जाते, हेड ऑफिसला खरेदी विभागात जाते, औषधांच्या चेनमधे जाते, स्वतःचं दुकानही टाकू शकते.

मॅनेजरचं "वर्षभर टिक" हे पण लेखी घे, किंवा निदान मेसेजवर. तो वाईट माणूस असेल असं मी म्हणत नाही, तो पण ट्रान्सफर होतो. माझे अकरा वर्षांत नऊ स्टोअर मॅनेजर झाले. आणि चेन मोठी म्हणून पक्की असंही धरू नकोस, बिग बझारची पाटी मुंबईत कुठे कुठे होती आठव, २०२२ मधे ती उतरलीच ना.

तर माझं मत विचारशील तर आत्ता या आठवड्यात सोडू नकोस. आत्ता सोडलंस तर तो कागद, ती सही आणि ते १,४३६ तू बरोबर घेऊन जाशील, पुढच्या नोकरीत कुणी कॅश म्हटलं की पोटात गोळा येईल. आधी रिपोर्ट माग. दिवाळी होऊ दे, बोनस घे, पगार २१,००० च्या आत आणि वर्षात तीस दिवस काम झालेलं असलं की कमीत कमी ८.३३ टक्के बोनसचा हक्क असतो, एजन्सीकडचा असला तरी विचारायचा. दिवाळीनंतर गर्दी ओसरली की इनवर्ड आणि ऑन-रोल हे दोन्ही माग आणि मार्चपर्यंत वाट बघ. एकही मिळालं नाही तर तोपर्यंत दुसरीकडे अर्ज टाकलेले असू देत, अनुभवाचं पत्र आणि शेवटच्या सहा स्लिपा घेऊन नीघ, पीएफ काढू नकोस, त्याच यूएएनवर पुढे चालू ठेव. आणि रिपोर्ट दाखवायलाच नकार दिला, किंवा विचारलंस म्हणून शिफ्टमधे त्रास द्यायला लागले, तर मार्चची वाट बघायची गरज नाही.

एक राहिलं. आईला खरं सांग. मैत्रिणीचं खोटं तुला त्या चौदाशेपेक्षा जड होतंय, पत्रात तू ते दोन वेळा लिहिलं होतंस, मी एकदाच ठेवलंय. रविवारी नको, तुझा वीक-ऑफ असेल त्या दिवशी दुपारी, स्लिप तिच्यासमोर ठेवून सांग काय झालं ते, आणि तो रिपोर्ट मागितलाय हेही सांग. रिपोर्ट हातात आला की मला आकडे पाठव, कॅश किती, यूपीआय किती, कार्ड किती. मी बघून देते.